चीनच्या नैर्ऋत्य टोकाचा युन्नान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युन्नान नेमका कुठे आहे? ग्रीसला यूनान म्हणतात, तेच का हे?

नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. युन्नान हा चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला प्रांत. राजधानी कुनमिंग. पश्चिमेला म्यानमार, दक्षिणेला लाओस आणि म्यानमार, आग्नेयेला व्हिएतनाम. चीनमधले शेजारी म्हणजे वायव्येला तिबेट, उत्तरेला सिच्वान, पूर्वेला ग्वेजौ आणि ग्वांगशी. क्षेत्रफळ सुमारे ३.९४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वापटीहून थोडं जास्त. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४.७२ कोटी भरली, म्हणजे आपल्या निम्मीसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय सीमा ४,००० किलोमीटरहून थोडी अधिक, आणि तिच्यातली जवळजवळ निम्मी एकट्या म्यानमारशी.

भारताची हद्द युन्नानला लागते का?

लागत नाही, पण थोडक्यात हुकते. अरुणाचल प्रदेशाचं पूर्व टोक आणि युन्नानचा वायव्य भाग यांच्यामध्ये म्यानमारच्या काचिन राज्याचा चिंचोळा पट्टा येतो. माणसं मात्र या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकाच कुळातली आहेत. युन्नानमध्ये ज्यांना जिंगपो म्हणतात तेच म्यानमारमध्ये काचिन, आणि आसाम-अरुणाचलात सिंगफो. नू नदीच्या खोऱ्यातले लिसू लोक अरुणाचलातल्या विजयनगरच्या बाजूलाही आहेत. तिथे त्यांना योबिन म्हणतात.

नकाशावर तीन मोठ्या नद्या अगदी खेटून वाहताना दिसतात. ही छपाईची चूक तर नाही?

नकाशा बरोबर आहे. युन्नान समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी.

भारतीय भूपट्ट आशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला, हे आपण शाळेत शिकतो. त्या धडकेत तिबेटच्या पूर्वेकडची जमीन बाजूला रेटली गेली आणि तिला उत्तर-दक्षिण घड्या पडल्या. त्या घड्यांमधून तीन नद्या समांतर उतरतात : नू, लानत्सांग आणि जिनशा. पुढे नू सालवीन होऊन म्यानमारमधून अंदमानच्या समुद्राला मिळते. लानत्सांग म्हणजे मेकाँग. तिचं मुख व्हिएतनामच्या दक्षिणेला. जिनशा म्हणजे यांगत्सेचाच वरचा प्रवाह, तो थेट शांघायला जातो. या तिघी सुमारे १७० किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतात. एका ठिकाणी नू आणि लानत्सांग यांच्यातलं हवाई अंतर १९ किलोमीटरपेक्षाही कमी आहे, आणि मध्ये उभा आहे हजारो मीटर उंचीचा डोंगर. २००३ साली हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

जिनशा मात्र लिजियांगजवळच्या शिगू गावापाशी एकदम वळसा घेऊन ईशान्येला फिरते. हे वळण नसतं तर यांगत्से बहुधा तिच्या बहिणींसारखी दक्षिणेलाच गेली असती.

युन्नानमधून याखेरीज आणखी तीन नदीप्रणालींना पाणी जातं. व्हिएतनामकडे उतरणारी तांबडी नदी इथलीच. ग्वांगजौकडे जाणाऱ्या मोती नदीचा उगम पूर्व युन्नानमध्ये आहे, आणि दुलोंग नदी म्यानमारात उतरून इरावतीला मिळते. दऱ्या बहुतेक दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे उघडतात. त्यामुळे खोऱ्याच्या कडेने खाली उतरलं की माणूस बर्मा, लाओस, व्हिएतनामला पोचतो. चीनच्या मुख्य भूमीकडे जायचं तर डोंगरामागून डोंगर ओलांडावे लागतात. नू नदीच्या खोऱ्यात अलीकडेपर्यंत लोक दोन काठांना ताणलेल्या दोरावरून कप्पीला लटकत नदी पार करत होते, कधी जनावरांसकट. बीजिंगची सत्ता इथे उशिरा आणि अर्धवट का पोचली, याचं निम्मं उत्तर या भूगोलात आहे.

सर्वांत उंच जागा कोणती आणि सर्वांत सखल कोणती?

उंच : तिबेटच्या हद्दीवरचं कावागेबो शिखर, ६,७४० मीटर. सखल : व्हिएतनामच्या सीमेवर हकौ इथे तांबड्या नदीचं पात्र, जेमतेम ७६ मीटर. एकाच प्रांतात हिमनद्याही आहेत आणि रबराचे मळेही.

कावागेबोवर आजवर कुणी पाय ठेवलेला नाही. तिबेटी बौद्धांसाठी तो पवित्र पर्वत. ते त्याची प्रदक्षिणा करतात, चढत नाहीत. जानेवारी १९९१ मध्ये जपानी आणि चिनी गिर्यारोहकांच्या संयुक्त मोहिमेतले १७ जण हिमप्रपातात गाडले गेले. पुढे गिर्यारोहणावर बंदी आली. ती आधीच यायला हवी होती, असं स्थानिकांचं म्हणणं असेल तर ते खोडून काढणं अवघड आहे.

हवामान कसं असतं?

कुनमिंग सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळा भाजत नाही आणि हिवाळा गोठवत नाही. चिनी लोक त्याला वसंतनगरी म्हणतात. कर्कवृत्त प्रांताच्या दक्षिण भागातून जातं. पाऊस मोसमी वाऱ्यांचा, मे ते ऑक्टोबर. म्हणजे छत्रीचे महिने साधारण आपलेच.

युन्नान चीनचा भाग केव्हापासून आहे?

यावर चिनी पाठ्यपुस्तकं एक उत्तर देतात आणि इतिहास चार देतो.

पहिलं उत्तर : इसवी सनपूर्व १०९. हान सम्राट वू याच्या सैन्याने कुनमिंगजवळच्या सरोवराकाठचं दियेन राज्य अंकित केलं आणि तिथल्या राजाला सोन्याची मुद्रा दिली. ही कथा कागदोपत्री होतीच. १९५६ साली शिजाईशानच्या उत्खननात ती मुद्रा खरोखर सापडली. दियेनच्या लोकांनी घडवलेल्या काशाच्या वस्तू पाहाव्यात : बैल, वाघ, नाचणारी माणसं, आणि त्यांत चिनी शैलीचा मागमूस नाही.

पण मुद्रा दिली म्हणून राज्य हाती राहतंच असं नाही. ७३८ साली पिलुओग नावाच्या राजाने दालीजवळच्या अरहाय सरोवराभोवतालची सहा छोटी राज्यं एकत्र करून नानचाओ राज्य उभारलं. तांग साम्राज्याने ७५१ आणि ७५४ साली त्यावर मोठी सैन्यं धाडली. दोन्ही गारद झाली. नानचाओ ९०२ मध्ये कोसळलं, आणि ९३७ मध्ये दुआन घराण्याचं दाली राज्य आलं. म्हणजे सुमारे पाचशे वर्षं इथे स्वतंत्र सत्ता होती, तीसुद्धा तांग आणि सोंग या चीनच्या वैभवाच्या काळात. याला ‘स्थानिक राजवट’ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही.

दुसरं उत्तर १२५३. कुब्लाई खान सिच्वानच्या बाजूने डोंगर उतरून आला आणि दाली पडलं. युन्नान चीनला जोडला तो चिन्यांनी नव्हे, मंगोलांनी. तिसरं उत्तर १३८१-८२ : मिंग घराण्याच्या सैन्याने शेवटचा मंगोल सरदार हटवला आणि हान (म्हणजे बहुसंख्य चिनी वंशाच्या) शेतकरी-सैनिकांच्या वसाहती वसवायला सुरुवात केली. तरीही डोंगराळ भागांत वंशपरंपरागत स्थानिक सरदारांनाच किताब देऊन कारभार सोपवला जाई. काही ठिकाणी ही पद्धत थेट विसाव्या शतकापर्यंत चालली. चौथं उत्तर म्हणजे १९५०, कम्युनिस्ट सैन्याचं आगमन. त्याआधी लोंग युन नावाचा यी वंशाचा सरदार १९४५ पर्यंत प्रांत जवळजवळ स्वतःच्या अखत्यारीत चालवत होता, स्वतःच्या नोटांसकट.

भारताचा प्रभाव तिथपर्यंत पोचला होता का?

होय, आणि बहुतेक म्यानमारच्या वाटेने. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात झांग च्यान हा चिनी दूत बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या भागात) गेला, तेव्हा तिथल्या बाजारात त्याला सिच्वानचं कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या. हा माल भारतातून येतो असं त्याला सांगण्यात आलं. म्हणजे नैर्ऋत्येकडून भारताकडे जाणारी एखादी वाट होती. सम्राटाने ती शोधायला माणसं पाठवली. डोंगरांतल्या टोळ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही.

नानचाओच्या एका राजाने महाराज ही पदवी चिनी अक्षरांत लिहून मिरवली. दालीत तांत्रिक बौद्ध पंथ रुजला, त्याचे पुरोहित आचार्य म्हणवले जात, आणि तिथल्या थडग्यांच्या शिळांवर सिद्धम् लिपीतले संस्कृत धारणी-मंत्र कोरलेले सापडतात. दालीच्या तीन पॅगोडांपैकी सर्वांत उंच, सुमारे ६९ मीटरचा पॅगोडा नवव्या शतकातला. तो भूकंपांतूनही टिकून आहे.

इतक्या आत मुसलमान कसे पोचले?

मंगोलांबरोबर. १२७४ साली बुखाऱ्याच्या सय्यद अजल शम्सुद्दीनला प्रांताधिकारी नेमण्यात आलं. त्याने कालवे काढले, मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचं मंदिरही बांधलं. त्याच्याच वंशातला मानला जाणारा एक मुलगा १३७१ च्या सुमारास सरोवराकाठच्या कुनयांगमध्ये जन्मला. मिंग सैन्याने त्याला पकडून खच्ची केलं. तोच पुढे झेंग हे हा दर्यावर्दी झाला. १४०५ पासून सात मोहिमा, आणि त्यांत कालिकत व कोचीन ही नेहमीची बंदरं. समुद्र न लाभलेल्या प्रांताने चीनला सर्वांत मोठा नौदल सेनानी दिला, ही इतिहासाची गंमत.

१८५६ मध्ये कुनमिंगला हुई (म्हणजे चिनीभाषक) मुसलमानांची कत्तल झाली आणि बंड पेटलं. दू वेनश्यूने दालीत स्वतंत्र दरबार थाटला. यी आणि बाई या जमातींचे लोकही त्याच्या बाजूला होते. १८७३ पर्यंत चिंग घराण्याच्या फौजांनी ते बंड रक्तात बुडवलं. त्या वेळी पळालेल्यांचे वंशज आजही म्यानमार आणि थायलंडमध्ये भेटतात.

पुण्याच्या प्लेगचा युन्नानशी संबंध होता, हे खरं का?

खरं आहे. मराठी वाचकाला युन्नानचं नाव माहीत असायला हवं ते मुख्यतः याच कारणासाठी, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

पश्चिम युन्नानच्या डोंगरांत रानटी उंदरांमध्ये प्लेग मुरलेला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे माणसांतही साथी आल्याच्या नोंदी आहेत. पुढे तांब्याच्या खाणी, खेचरांचे तांडे, अफूचा व्यापार आणि शेवटी वर सांगितलेलं बंड, यामुळे माणसांची ये-जा वाढली आणि रोग डोंगर उतरून दक्षिण चीनच्या किनाऱ्याला लागला. १८९४ मध्ये ग्वांगजौ आणि हाँगकाँगमध्ये हाहाकार उडाला. हाँगकाँगलाच अलेक्झांडर येरसँने प्लेगचा जंतू ओळखला. तिथून जहाजं जगभर जात होती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण हेरले.

पुढचं आपल्याला पाठ आहे. १८९७ मध्ये मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. घराघरांत शिरणाऱ्या सोजिरांमुळे लोक संतापले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या साली झालेला साथरोग कायदा २०२० च्या कोरोनाकाळातही वापरात होता. या साथीने काही दशकांत भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

अफूचा धागाही मुंबईपर्यंत येतो. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई आणि त्यावर शहरातल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युन्नान आणि सिच्वानमध्येच खसखशीची शेती इतकी पसरली की आयात माल मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धात युन्नानचं एवढं महत्त्व का होतं?

जपानने किनारा बळकावल्यावर चीनला बाहेरून रसद मिळण्याचं मागचं दार तेवढंच उरलं होतं. फ्रेंचांनी १९१० मध्ये व्हिएतनामच्या हायफाँगपासून कुनमिंगपर्यंत एक मीटर रुंदीच्या रुळांची रेल्वे आणली होती. ती बंद पडली. मग भरवसा बर्मा रोडवर. बर्मामधल्या लाशिओपासून कुनमिंगपर्यंत १,१५४ किलोमीटरचा हा रस्ता १९३७-३८ मध्ये सुमारे दोन लाख मजुरांनी जवळजवळ हातांनीच बांधला. तरणे पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून बायका, म्हातारे आणि मुलंही दगड फोडत होती.

१९४२ मध्ये लाशिओ पडलं. जपानी सैन्य सालवीनपर्यंत आलं, तेव्हा चिन्यांनी हुईतोंग पूल उडवून त्याला पश्चिम काठावरच अडवलं. त्यानंतर आसामच्या दिनजान, चाबुआ अशा धावपट्ट्यांवरून विमानं पर्वतरांगा ओलांडून कुनमिंगला माल नेऊ लागली. वैमानिकांनी त्या मार्गाला ‘हंप’ (म्हणजे कुबड) नाव ठेवलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि शेकडो विमानं डोंगरांत हरवली. आसामातल्या लेडोहून खोदलेल्या रस्त्याने पहिला ताफा फेब्रुवारी १९४५ मध्ये कुनमिंगला पोचला. तोवर युद्ध संपत आलं होतं.

याच काळात बीजिंग आणि त्यानजिनची तीन विद्यापीठं कुनमिंगला हलून एकत्र चालली. पत्र्याच्या छपराखाली शिकलेले यांग चेन-निंग आणि ली त्सुंग-दाओ यांना १९५७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

डॉ. कोटणीस युन्नानमध्ये होते का?

नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकात होते ते १९३८ मध्ये ग्वांगजौच्या बंदरातून चीनमध्ये शिरलं. कोटणीसांचं पुढचं काम आणि ९ डिसेंबर १९४२ चा मृत्यू उत्तर चीनमधल्या हबेईत झाला.

म्यानमारशी सीमा कशी ठरली?

वाटाघाटींनी, आणि आश्चर्य वाटेल इतक्या सुरळीत. १ ऑक्टोबर १९६० रोजी बीजिंगमध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय आणि बर्माचे पंतप्रधान ऊ नू यांनी करार केला. फिमॉ, गॉलुम आणि कांगफांग या तीन गावांचा भाग चीनला मिळाला. नामवान खोऱ्याचा तुकडा, जो ब्रिटिशांनी १८९७ पासून भाडेपट्ट्याने घेतला होता, तो बर्माकडे गेला. उत्तरेकडची रेषा नाव न घेता बरीचशी मॅकमहोन रेषेलाच धरून आहे. भारताशी भांडताना चीनने हीच रेषा अमान्य केली, हे विसरू नये.

त्याआधीची दहा वर्षं सीमेवर गोंधळच होता. १९५० मध्ये कम्युनिस्टांकडून हरलेल्या राष्ट्रवादी सैन्याच्या तुकड्या युन्नानमधून बर्माच्या शान डोंगरांत उतरल्या, तिथूनच परत चढाईचे प्रयत्न केले आणि पोटासाठी अफूकडे वळल्या. म्यानमार, लाओस आणि थायलंडच्या सीमेवरच्या अफूच्या पट्ट्याची, म्हणजे सुवर्ण त्रिकोणाची, जडणघडण त्यातून झाली. व्हिएतनामच्या बाजूला तर १९७९ मध्ये सरळ युद्ध झालं. लाओशान टेकड्यांवरच्या चकमकी ऐंशीच्या दशकातही चालूच होत्या.

तिथे किती जमाती राहतात?

सरकारी गणतीत हान सोडून पंचवीस मोठे समुदाय, आणि ते मिळून लोकसंख्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे. यी सर्वांत मोठा. दालीत बाई, लिजियांगला चित्रलिपी जपणारे नाशी, शिश्वांगबान्नात थेरवादी बौद्ध दाई. दाई लोकांचा एप्रिलमधला पाण्याचा सण म्हणजे थायलंडचा सोंगक्रानच. अखेरची मान्यता जिनुओंना १९७९ मध्ये मिळाली. आकडा मात्र प्रमाण मानू नका : यी या एका नावाखाली एकमेकांची बोली न कळणारे कित्येक गट कोंबलेले आहेत.

पुअर चहा इथलाच ना?

इथलाच. आसामी चहा ज्या रुंद पानांच्या जातीचा, त्याच जातीचा हा चहा. वाफवून, दाबून त्याच्या चकत्या करतात आणि वर्षानुवर्षं मुरवतात. पूर्वी खेचरांवर लादून तो तिबेटला जाई आणि बदल्यात घोडे येत. लवकर मुरलेला गडद चहा करण्याची रीत मात्र १९७३ ची, कारखान्यातली. ‘शंभर वर्षांची पारंपरिक पद्धत’ असं वेष्टनावर दिसलं तर विक्रेत्याला हे विचारा. जिंगमाई डोंगरातली जुनी चहाची वनं २०२३ मध्ये जागतिक वारसा ठरली.

शांग्रिला खरंच आहे का?

कागदोपत्री आहे. झोंगद्यान तालुक्याने २००१ मध्ये पर्यटनासाठी एका इंग्रजी कादंबरीतलं काल्पनिक नाव घेतलं. तिथल्या जुन्या तिबेटी वस्तीचा मोठा भाग जानेवारी २०१४ च्या आगीत गेला आणि पुन्हा बांधला गेला. डोंगर सुंदर आहेत. नावावर जाऊ नका.

मेकाँगवरच्या धरणांचा वाद काय आहे?

लानत्सांगवर युन्नानमध्ये धरणांची माळ आहे; त्यातलं श्याओवान तब्बल २९२ मीटर उंच. खालच्या देशांतले मच्छीमार आणि शेतकरी म्हणतात की पाणी आता ऋतूप्रमाणे येत नाही, वीजनिर्मितीप्रमाणे येतं, आणि गाळही अडतो. चीन मेकाँग नदी आयोगाचा सदस्य नाही, त्यामुळे त्याला बांधून घेणारा करार नाही. नू नदीवर २००३ मध्ये तेरा धरणांची योजना आली होती. पर्यावरणवाद्यांनी आवाज उठवला आणि २००४ मध्ये पंतप्रधान वन ज्याबाओ यांनी ती थांबवली. मुख्य प्रवाह अजून मोकळा आहे. ब्रह्मपुत्रेची काळजी करणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

शाकाहारी माणसाचं तिथे काय होईल?

कल्पनेपेक्षा बरं. पावसाळ्यात रानातल्या अळंब्यांचे बाजार भरतात (काही जाती नीट शिजवल्या नाहीत तर भ्रम होतात, तेव्हा कच्च्या चाखू नका). बकरीच्या दुधाचं रुबिंग म्हणजे जवळजवळ पनीरच. तळून मिठा-मिरचीबरोबर देतात. चीनमध्ये दुधाची अशी परंपरा असलेले प्रांत थोडेच. रस्सा मात्र हाडांचा असतो, हे आधी विचारून घ्यावं.

आसामातून रस्त्याने कुनमिंगला जाता येतं का?

आज नाही. लेडो रस्ता पांगसाऊ खिंडीतून म्यानमारमध्ये शिरतो. पुढचे बरेच तुकडे जंगलाने गिळले आहेत आणि काचिन राज्यात २०११ पासून पुन्हा लढाई पेटलेली आहे. २०१३ मध्ये कोलकाता ते कुनमिंग मोटारींची एक रॅली झाली होती, पण ती बांगलादेश आणि मणिपूरमार्गे. दक्षिणेकडे मात्र चीनने काम उरकलं : कुनमिंग ते लाओसची राजधानी व्हिएंतियान हा १,०३५ किलोमीटरचा लोहमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि एप्रिल २०२३ मध्ये थेट प्रवासी गाड्या सुरू झाल्या तेव्हा सीमेवरच्या तपासणीसकट साडेदहा तास लागत.